अडीच पानांचा कॉम्प्युटर आणि तुमचा दोन जीबीचा फोन

मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या एसटीत तुम्ही भरतीचा फॉर्म भरताय. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात, परत आलात तर फॉर्म कोरा. आपण नेटवर्कला शिव्या घालतो. पण आमच्या शहापूर-मुरबाडकडे अजून दोन जीबी रॅमचे फोन घरभर फिरतात, आणि त्यांच्यात हा उद्योग बऱ्याचदा मेमरी सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो.

याचा इतिहास भारी आहे. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक सुरू झाला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटचा. गुणाकार करा, फक्त १० केबी! आजचं कर्नेल साधारणपणे ४ केबीच्या पानांत मेमरी मोजतं, म्हणजे अख्खा टिफ्रॅक अडीच पानांचा. काय कुठे ठेवायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच बघायचं.

१९६२ मध्ये मँचेस्टरला टॉम किल्बर्न यांच्या टीमच्या ॲटलसने हे ओझं उचललं. वेगवान पण छोटी कोअर मेमरी, मोठा पण हळू ड्रम, आणि दोघांत पानांची ने-आण मशीन स्वतःच करणार. प्रोग्रॅमला वाटायचं, सगळी मेमरी एकच आहे. हीच व्हर्च्युअल मेमरी. बीटेकला आम्ही तिची फक्त व्याख्या पाठ केली.

फोनमध्ये ड्रमच्या जागी फ्लॅश, आणि त्यावर सतत लिहिलं की ती झिजते. मग नितीन गुप्ता यांनी सुरू केलेलं झेडरॅम कामाला आलं. २०१४ मध्ये ते लिनक्स ३.१४ मध्ये पक्कं झालं. वखारीत गवत दाबून गठ्ठे बांधतात ना, तसं ते पानं रॅममध्येच दाबून ठेवतं. गठ्ठा सोडायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

तरीही जागा संपली, तर ॲप मारावं लागतं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला गुण देतं: समोरच्याला शून्य, मागे नुसतं पडून असलेल्याला ९०० च्या वर. जास्त गुण, आधी बळी. पूर्वी हे काम कर्नेलमधला ड्रायव्हर करायचा. २०१७ मध्ये तो लिनक्समधून काढला. आता एलएमकेडी नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो.

तुम्ही मेसेजमध्ये गेलात की ब्राउझरचे गुण वाढतात. माझ्या मते खरा दोष मसुदा सेव्ह न करणारा फॉर्म बनवणाऱ्यांचा. तोवर एक करा: ओटीपी आला की वरची नोटिफिकेशन पट्टी ओढून तिथेच वाचा, ब्राउझर सोडू नका.