उंबरठ्यावरचे कागद

2025 च्या 1 सप्टेंबरला, घराघरांत गणपती बसलेले असताना, दिल्लीने चार जुन्या कायद्यांचं विसर्जन केलं. परदेशी माणसाने भारतात कसं यावं, कुठे नोंद करावी आणि कुठवर राहावं हे सांगणारे 1920, 1939, 1946 आणि 2000 सालचे कायदे रद्द झाले. त्यांच्या जागी एकच ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट’ आला. यातली पहिली तीन सालं महायुद्धांच्या आगेमागची आहेत, आणि हा योगायोग नव्हे. पाहुण्याकडे मागितला जाणारा जवळजवळ प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या घबराटीत जन्मला. घबराट ओसरली, कागदाने मात्र मुक्काम हलवला नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वी मुंबई बंदरात उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला पासपोर्टची सक्ती नव्हती. बोटीतून उतरायचं, कस्टमवाल्यांना सामान दाखवायचं आणि चालू लागायचं. 1864 चा एक कायदा होता, पण त्याचा मुख्य रोख नकोशा माणसाला बाहेर घालवण्यावर होता. युद्धात हेरांची धास्ती वाढली आणि 1917 मध्ये ‘डिफेन्स ऑफ इंडिया’ कायद्याखाली पासपोर्टचे नियम निघाले. युद्ध संपल्यावर ते मागे घेतले जातील असं कुणाला वाटलं असेल, तर 1920 च्या कायद्याने त्याची निराशा केली. गंमत अशी की त्याच वर्षी पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाची पासपोर्ट परिषद भरली होती. प्रवास पुन्हा युद्धापूर्वीसारखा मोकळा व्हावा, अशी आशा तिथे व्यक्त झाली. तोवर सगळ्या देशांचे पासपोर्ट निदान एका नमुन्याचे असावेत असंही ठरलं. नमुना टिकला.

1939 च्या नोंदणी कायद्याने आणखी एक गोष्ट आणली, जी गोव्यातल्या कुठल्याही गेस्ट हाऊसवाल्याला आजही तोंडपाठ आहे: फॉर्म सी. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती पोलिसांकडे पोहोचली पाहिजे. मोठ्या हॉटेलात हे काम काउंटरवरच उरकतं. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्याच्या हातून ते राहून जातं आणि मग पोलीस दारात येतात. हा फॉर्म पुढे ऑनलाइन झाला. दीर्घ मुक्कामाचे परदेशी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागच्या बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावरच्या कचेरीत नोंदीसाठी खेटे घालत. 2018 पासून त्यांचीही बरीच कामं संगणकावर होऊ लागली.

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई राज्याने यात स्वतःची भर घातली. 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे बाहेरून आलेल्या पर्यटकाला पासपोर्ट आणि व्हिसाबरोबर दारूचा परवानाही बाळगावा लागे. भीतीतून न आलेला असा हा विरळा कागद. तो नीतीच्या आग्रहातून आला होता, आणि पाहुण्यांना त्याचंच नवल जास्त वाटत असणार.

सर्वांत चिवट कागद मात्र पिवळा आहे. पीतज्वराचा आपल्याकडच्या काविळीशी संबंध नाही. तो आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला विषाणूजन्य ताप, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासामार्फत फैलावणारा. भारतात हा डास गल्लोगल्ली आहे, विषाणू मात्र नाही. म्हणजे दारूगोळा भरलेला, फक्त ठिणगीची वाट. 1914 मध्ये पनामा कालवा खुला होणार, बोटींना अमेरिकेच्या रोगट किनाऱ्यावरून आशियाची जवळची वाट मिळणार, या विचाराने ब्रिटिश सरकारची झोप उडाली. कालवा उघडण्याआधीच इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मेजर एस. पी. जेम्स यांना या धोक्याचा अभ्यास करायला पाठवण्यात आलं. पुढे विमानांनी आठवड्यांचा प्रवास तासांवर आणला आणि काळजी दुणावली. म्हणून आजही पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल, तर विमानतळावरून त्याची रवानगी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात होऊ शकते. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. पूर्वी तो दहा वर्षं चाले, 2016 पासून आयुष्यभर चालतो.

व्हिसाची कथा अधिक राजकीय आहे. ब्रिटिश पर्यटक 1984 पर्यंत भारतात व्हिसाशिवाय येत. पंजाबातल्या अशांततेच्या त्या वर्षी ही मोकळीक संपली. दोन वर्षांनी ब्रिटननेही भारतीयांवर व्हिसा लादला. मग आला डेव्हिड हेडली. 26/11 च्या हल्ल्यापूर्वी त्याने मुंबईची टेहळणी केली ती रीतसर व्हिसावर, ताडदेवला इमिग्रेशन सल्ल्याचं कार्यालय थाटून. व्हिसाच्या व्यवस्थेला याहून बोचरी चपराक कुठली? तो पकडला गेल्यावर 2009 अखेर नियम आला: पर्यटक व्हिसावर येणाऱ्याने दोन भेटींत दोन महिन्यांचं अंतर ठेवावं. हेडलीकडे पर्यटक व्हिसा नव्हता, धंद्याचा होता. फटका बसला तो भारतातून नेपाळ किंवा श्रीलंकेला जाऊन परतू पाहणाऱ्या साध्या प्रवाशांना. 2012 च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी ही अट गेली.

ही अट आली त्याच सुमारास, जानेवारी 2010 मध्ये, जपान, सिंगापूर, फिनलंड, लक्झेंबर्ग आणि न्यूझीलंडच्या नागरिकांना आल्यावर व्हिसा देण्याची योजना सुरू झाली होती. एका हाताने कडी लावायची, दुसऱ्याने काढायची! 27 नोव्हेंबर 2014 ला 43 देशांसाठी ऑनलाइन व्हिसा आला. पहिल्या नऊ विमानतळांत मुंबई आणि गोवा दोन्ही होते. नाव ‘व्हिसा ऑन अरायव्हल’, परवानगी मात्र निघण्याआधीच काढायची. गोंधळ झालाच, आणि 2015 मध्ये नाव बदललं.

भारतीयांसाठी विमानतळावरची कार्डं एकेक करून गेली. परदेशी जाताना भरायचं कार्ड जुलै 2017 मध्ये बंद झालं. परदेशी पाहुण्याच्या वाट्याचं छापील कार्ड राहिलं. करोनात ‘एअर सुविधा’ नावाचा आणखी एक फॉर्म आला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये, मोजक्या देशांचा नंतरचा छोटा अपवाद वगळता, गेलाही. तात्पुरता म्हणून आलेला फॉर्म खरोखर तात्पुरता ठरल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

1 ऑक्टोबर 2025 पासून छापील कार्डाऐवजी ई-अरायव्हल कार्ड सुरू झालं आहे. भारतात पोहोचण्यापूर्वीच्या 72 तासांत ते संकेतस्थळावर विनाशुल्क भरायचं. पासपोर्ट क्रमांक, येण्याचं कारण, भारतातला पत्ता असे नेहमीचे रकाने त्यात आहेत. आणखी एक रकाना जुन्या कार्डावरून जसाच्या तसा आला आहे: गेल्या सहा दिवसांत कोणकोणत्या देशांत होता? सहा दिवस हा पीतज्वराच्या सुप्तावस्थेचा काळ.