मिशनची शाळा आणि विद्यार्थ्याचे मन

छत्तीसगडचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास आपली गादी मांडली. त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक आणि व्यापारी या मुलखात आले आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे वंशज पुढे रायपूरचेच रहिवासी झाले. १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. म्हणून रायपूरच्या ख्रिस्ती शाळांचा इतिहास सांगावयाचा तर त्याचा आरंभ रायपुरात करून चालत नाही, तो नागपुरात करावा लागतो.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ च्या आरंभी नागपुरास आले. त्या वेळी नागपूर हे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४६ साली, त्यांनी तेथे शाळा उघडली. हिस्लॉप मराठी शिकले आणि मराठीतून लोकांशी बोलू लागले. पण त्यांची जिज्ञासा धर्मप्रसारापुरती मर्यादित नव्हती. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या आसपासची माळराने पायाखाली घातली, टाकळीच्या खडकांतून जीवाश्म गोळा केले आणि १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. गोंडांच्या बोली, त्यांच्या कथा आणि चालीरीती यांची टिपणेही त्यांनी केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडून मरण पावले. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे १८६६ मध्ये छापून काढली. १८८३ साली सुरू झालेले नागपूरचे महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

हा शिक्षक कसा होता, हे पाहणे अगत्याचे आहे. पायाखालचा दगड हाही एक ग्रंथ आहे आणि तो ज्याचा त्याने वाचावयाचा असतो, ही दृष्टी त्याच्यापाशी होती. पाठांतर हेच विद्येचे सर्वस्व मानणाऱ्या काळात स्कॉटिश मिशनच्या शाळांनी प्रश्नोत्तरांच्या पद्धतीवर भर दिला. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये काढलेल्या संस्थेपासून ती पद्धती चालत आली होती. मुलाने उत्तर द्यावे, उत्तराचे कारण द्यावे आणि कारण चुकले तर ते सोडून द्यावे, असा तिचा रोख होता. अशा रीतीने मन एकदा जागे झाले म्हणजे ते आपोआप ख्रिस्ती धर्माकडे वळेल, असा त्या मिशनऱ्यांचा विश्वास होता.

प्रत्यक्षात मात्र निराळेच घडले. प्रश्न विचारण्याची सवय लागलेला मुलगा शिक्षकाच्या उत्तरापाशी थांबतोच असे नाही.

जोतीराव फुले यांचे उदाहरण मराठी वाचकास परिचयाचे आहे. १८४१ साली ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. शेजारी गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले नसते, तर हा बुद्धिमान मुलगा मळ्यातच राहिला असता. त्या शाळेत त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र लाभले. टॉमस पेन यांचे मानवी हक्कांविषयीचे विचार त्यांनी विद्यार्थिदशेच्या अखेरीस वाचले. मिशनऱ्यांच्या कार्याबद्दल त्यांनी कृतज्ञता कधी लपविली नाही; परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. मिशनच्या शाळेने त्यांना प्रश्न दिला, उत्तर त्यांनी स्वतः शोधले.

दुसरे उदाहरण रायपूरशी थेट जोडलेले आहे. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा चौदा वर्षांचा बंगाली मुलगा वडिलांच्या मागोमाग बैलगाडीने रानावनांतून रायपुरास आला. सुमारे दोन वर्षे तो येथे राहिला. वकील असलेले वडील विश्वनाथबाबू त्याला घरीच शिकवीत आणि आलेल्या विद्वान पाहुण्यांशी वाद करू देत. पुढे कलकत्त्यास परतल्यावर हा मुलगा डफ यांच्याच संस्थेत शिकला. तेथील प्राचार्य विल्यम हेस्टी यांनी १८८२ मध्ये मूर्तिपूजेवर कठोर टीका केली आणि बंकिमचंद्रांनी तिला वर्तमानपत्रातून उत्तर दिले, हा वाद प्रसिद्ध आहे. याच हेस्टींनी वर्डस्वर्थची कविता शिकविताना भावसमाधीचा अर्थ समजावा म्हणून विद्यार्थ्यांना दक्षिणेश्वरच्या रामकृष्णांकडे बोट दाखविले, असे विवेकानंदांचे चरित्रकार सांगतात. हिंदू धर्मावर टीका करणाऱ्या ख्रिस्ती प्राचार्यानेच हिंदू संन्याशाला त्याच्या गुरूची वाट दाखवावी, यात विसंगती वाटेल. खरा शिक्षक वर्गात उभा राहिला म्हणजे कधी कधी त्याच्या मतांपेक्षा त्याची प्रामाणिकता मोठी ठरते, एवढेच म्हणता येईल.

तथापि या दोन उदाहरणांवरून सरसकट अनुमान काढणे योग्य होणार नाही. त्याच काळात घरे दुभंगणारे प्रसंगही घडले. १८३९ मध्ये मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाज न्यायालयात गेला आणि शाळेतील मुले भराभर काढून घेण्यात आली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद अल्पवयी असल्याने न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढा खटाटोप केला आणि त्यासाठी किती रोष पत्करला, हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी पालकाला शाळा म्हणजे ज्ञानाचे मंदिर वाटत नसे, मुलगा हिरावून नेणारे घर वाटे. ही भीती निव्वळ अज्ञानातून आलेली होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आता रायपूरकडे वळू. ऑस्कर लोर हे जर्मन वंशाचे मिशनरी १८६८ मध्ये अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल मिशनच्या वतीने छत्तीसगडात आले. त्यापूर्वी त्यांनी छोटा नागपुरात काम केले होते. नागपूरच्या स्कॉटिश मिशनऱ्यांनीच त्यांना या मुलखाची वाट दाखविली. गुरू घासीदासांचा सतनामी पंथ येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उदयास आला होता. मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारणारे हे लोक आपला उपदेश सहज मानतील, अशी लोर यांची अटकळ होती. रायपूरच्या परिसरात त्यांनी विस्तीर्ण पडीक जमीन घेतली आणि तेथे विश्रामपूर नावाचे गाव वसविले. तेथे शाळा, दवाखाना आणि चर्च उभे राहिले. सतनामी समाज लोर यांच्या अपेक्षेप्रमाणे एकगठ्ठा ख्रिस्ती झाला नाही; त्याने आपला पंथ, आपले गुरू आणि आपला स्वाभिमान राखला. पण जी थोडी कुटुंबे आली, त्यांच्या मुलांच्या हाती पाटी आली. ज्यांची सावलीही इतरांना नकोशी होती, त्यांच्या मुलासाठी शाळेत बसावयास जागा ठेवणे, ही त्या काळातील लहान गोष्ट नव्हती.

येथेच मला पुणे-कलकत्ता आणि विश्रामपूर यांतील मूलभूत भेद दिसतो. जोतीरावांना परतावयास फुलांचा मळा होता, नरेंद्रास विश्वनाथबाबूंचे घर होते. शाळेचे काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरविण्यास लागणारे बळ त्यांना घरून मिळाले. विश्रामपुरात मिशन केवळ गुरुजी नव्हते, मालगुजारही होते. कसावयाची जमीन, राहावयाची जागा आणि शिकावयाची शाळा ही तिन्ही एकाच हातून मिळत असली, म्हणजे 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य कितीसे उरते? १८९७ आणि त्यानंतर संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळला, तेव्हा अनाथ मुले मिशनच्या वसतिगृहांत आली. त्यांना वाचविले हे पुण्यच. परंतु भुकेल्या मुलाने स्वीकारलेला धर्म ही त्याची निवड होती काय, हा प्रश्नही टाळता येत नाही.

तो प्रश्न पुढे राज्यकर्त्यांपुढेही आला. १९५४ मध्ये तत्कालीन मध्यप्रदेश शासनाने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. शाळा आणि रुग्णालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असा ठपका समितीने ठेवला. ख्रिस्ती समाजाने तो एकांगी म्हणून फेटाळला. या वादाचे पडसाद अद्यापि शमलेले नाहीत. पण त्यापूर्वीच राज्यघटनेने दोन तत्त्वे शेजारी शेजारी ठेवली होती. तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने, शासनमान्य वा अनुदानित संस्थेतील विद्यार्थ्यावर त्याच्या संमतीविना, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. पहिले तत्त्व संस्थेचे रक्षण करते, दुसरे विद्यार्थ्याचे. दोन्ही एकत्र नांदली तरच शाळा शाळा राहते.

रायपुरातील सेंट पॉल आणि सालेम या शाळा त्याच जुन्या मिशनच्या परंपरेतून वाढल्या. १९७० साली नागपुरास उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि त्या परंपरेचा कारभार भारतीय हातांत स्थिरावला. आज अशा शाळांच्या वर्गात हिंदू, सतनामी, मुसलमान, ख्रिस्ती आणि आदिवासी मुले एकत्र बसतात. परदेशी मिशनरी गेला, मालगुजारी गेली. माध्यमिक शाळेच्या वयातील मुलाचे मन मात्र पूर्वीइतकेच कोवळे आहे. तेरा ते सतरा या वर्षांत मनुष्य आपले आदर्श निवडतो, आणि त्या निवडीत ढवळाढवळ करण्याचा मोह मिशनलाच होतो असे नाही. तो प्रत्येक पंथाला, प्रत्येक पक्षाला आणि पुष्कळदा पालकांनाही होतो.

म्हणून कोणतीही शाळा, मग ती कोणाचीही असो, कोणत्या कसोटीवर पारखावी? तिच्या इमारतीवर नव्हे, निकालाच्या टक्क्यांवर नव्हे, आणि तिने आपल्या मताचे किती अनुयायी घडविले यावर तर मुळीच नव्हे. तिच्याशी मतभेद करण्याइतके बळ तिने विद्यार्थ्याला दिले काय, आणि मतभेद करूनही तो तिचे नाव कृतज्ञतेने घेतो काय, एवढेच पाहावे. पुण्याच्या त्या इंग्रजी शाळेने जोतीरावांच्या बाबतीत ही कसोटी उतरविली. विश्रामपूरच्या दुष्काळपीडित मुलाला मात्र ती लावण्याची संधीच मिळाली नाही. पहिल्याचे भाग्य दुसऱ्याच्याही वाट्याला यावे, एवढेच माध्यमिक शिक्षणाचे प्रयोजन मानले तरी पुरे आहे.