सुताराची बैठक

बलुतेदारांच्या थोरल्या कासेत सुताराचा मान पक्का असला, तरी त्याच्या कारखान्याला भिंती नव्हत्या आणि बाक तर नव्हतेच. खळ्यावरील धान्याच्या हक्कापोटी नांगर, कुळव, पाभर यांची वर्षभर डागडुजी करावयाची, ती चिंचेच्या सावलीत, भुईवर बसून. प्रारंभीच्या इंग्रज निरीक्षकांना ही बैठक आळसाची वाटली. परंतु जरा न्याहाळून पाहिले असता त्या मोकळ्या जागेत उंचीची एक अत्यंत काटेकोर तजवीज आढळते. वाकसाने तासावयाचे लाकूड जड ठोकळ्यावर, कारण घाव वरून पडतो आणि खाली वजन हवे. किकऱ्याने भोक पाडावयाचे ते भुईवर, लाकडावर स्वतःच बसून. रंधा मारताना फळीचे टोक तळपायाने अडविलेले. आणि ओंडका चिरावयाचा झाला की तो घोडीवर तिरपा चढवून एक करवती वर, दुसरा खाली. ठोकळा आणि घोडी दोन्ही उचलून नेण्याजोगी. पाय तर बरोबरच असत.

बुटकी उंची ही केवळ आपलीच मिरास नव्हे. जर्मनीतील सालबुर्ग येथील रोमन ठाण्याच्या विहिरीत जुने ओकचे बाक सापडले, तेही बुटकेच. कारागिराने त्यावर स्वार व्हावे अथवा गुडघा रोवावा, अशा बेताचे.

1853 नंतर आगगाडी आली, तिच्या पाठोपाठ परळ, माटुंगा येथील कारखाने आले, आणि सुतार उभा राहिला. कमरेएवढे, जागीच खिळलेले बाक व त्याला लाकूड आवळून धरणारा शेगडा यांनी त्याच्या पायाची चाकरी संपविली. यात लाभ झालाच. रंध्यामागे सर्वांगाचा जोर लावता येऊ लागला. मात्र रंध्याला सोयीची उंची करवतीला चढी आणि बारीक सांध्यांना ठेंगणी पडते, ही अडचण एका उंचीच्या बाकाने जन्मास घातली, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिचा उलगडा झाला तो विलक्षण रीतीने. लोटस मोटारींचा आरेखक रॉन हिकमन याने 1961 च्या सुमारास घरी काम करताना खुर्चीचाच आधार घेतला आणि फळीबरोबर खुर्चीही कापली! त्या पश्चात्तापातून घडीचे बाक जन्मले. कारखानदारांनी ते नाकारले. पुढे ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1970 नंतरच्या दशकात ते बाजारात आणले, आणि त्याच्या पायांची घडी केली की बाक खाली येऊन करवतीच्या कामाला गुडघ्याचा दाब देता येऊ लागला.

आमच्या इमारतीत परवा कपाटे करावयास आलेल्या सुतारांजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी आल्याबरोबर यजमानाच्याच प्लायवुडचे एक ठेंगणे बाक ठोकले. शेवटच्या दिवशी ते उकलून त्याचेच आतले कप्पे केले.