कार्कासॉन

दक्षिण फ्रान्समधील ओद या प्रशासकीय विभागाचे मुख्य ठिकाण आणि तटबंदीच्या मध्ययुगीन टेकडीनगरासाठी ख्यात असलेले शहर. तुलूझच्या आग्नेयीस सुमारे ९० किमी. वर, ओद नदीच्या दोन्ही तीरांवर ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे ४६ हजार. नदीच्या उजव्या तीरावरील टेकडीवर जुने नगर आहे, त्याला ‘सिते’ म्हणतात. डाव्या तीरावर, सपाटीला, ‘बास्तीद’ हे खालचे शहर. प्रवासी वर जातात, गाव मात्र खाली राहते. सितेत कायम वस्तीला असलेली कुटुंबे आता मोजकीच उरली आहेत.

सह्याद्रीतले गड चढलेल्यांना ही टेकडी चढणच वाटणार नाही. तिचे महत्त्व उंचीत नाही, जागेत आहे. उत्तरेला माँतान्य न्वार, दक्षिणेला कॉर्बियेर आणि पिरेनीज हे डोंगर, आणि मधल्या सखल पट्ट्यातून अटलांटिककडून भूमध्य समुद्राकडे जाणारी वाट. ती वाट ज्याला राखायची होती त्याने ही टेकडी घेतली : रोमनांनी, मग व्हिसिगॉथांनी, आठव्या शतकात अरबांनी आणि त्यांच्यामागून फ्रँकांनी. शार्लमेनच्या वेढ्यात कार्कास नावाच्या राणीने शेवटचे डुक्कर गहू चारून तटावरून खाली फेकले आणि आत धान्याची चंगळ आहे असे भासवून शत्रूला परतवले, ही गोष्ट इथे प्रत्येक वाटाड्या सांगतो. इतिहासात तिला जागा नाही. अरबांकडून शहर घेतले ते शार्लमेनच्या बापाने, पेपँने. पण नारबोन दरवाजाजवळ राणीचा अर्धपुतळा आहे, त्यामुळे गोष्ट टिकली आहे.

बाराव्या शतकात येथे त्राँकाव्हेल घराण्याची सत्ता होती. त्यांच्या मुलखात काथार पंथीयांना आसरा मिळे. पोपने या पंथाविरुद्ध पुकारलेल्या धर्मयुद्धातील फौजेने ऑगस्ट १२०९ मध्ये सितेला वेढा घातला. ऐन उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि सुमारे दोन आठवड्यांत शहर शरण आले. लोकांना घरदार, मालमत्ता टाकून बाहेर काढण्यात आले. तरुण जहागीरदार रेमाँ-रोझे त्राँकाव्हेल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कैदेत मरण पावला. त्याची जहागीर धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोर याच्याकडे गेली आणि पुढे काही वर्षांत फ्रान्सच्या राजाकडे. १२४० मध्ये रेमाँ-रोझेच्या मुलाने शहर परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तटाखालच्या वस्त्या पाडल्या गेल्या, आणि तिथल्या लोकांना नवव्या लुईने नदीपलीकडे जागा दिली. काटकोनात आखलेल्या रस्त्यांचे खालचे शहर असे जन्माला आले.

आज दिसणारा दुहेरी तट मुख्यतः फ्रान्सच्या राजांच्या याच राजवटीचा. दोन्ही तटांची मिळून लांबी सुमारे ३ किमी. असून त्यांवर ५२ बुरूज आहेत. दोन तटांमधल्या मोकळ्या पट्ट्याला ‘लीस’ म्हणतात. सगळ्या सितेत पाहण्यासारखे काय, असे विचारले तर हा पट्टा. येथे तिकीट नाही, दुकाने नाहीत आणि भिंत वाचता येते. लहान दगडांच्या रांगांमध्ये लाल विटांचे थर दिसले की ते रोमन काम. साधे, सपाट चिरे नवव्या लुईच्या काळचे. पुढे फुगीर तोंड ठेवलेले चिरे त्याचा मुलगा तिसरा फिलिप याच्या काळचे. एकाच भिंतीत दहा शतके शेजारी शेजारी बसलेली आहेत.

१३५५ मध्ये इंग्लंडच्या ‘ब्लॅक प्रिन्स’ने खालचे शहर जाळले, सितेला मात्र त्याने हात लावला नाही. शत्रूला जे जमले नाही ते कागदाने केले. १६५९ च्या पिरेनीज तहाने स्पेनची सरहद्द दक्षिणेला सरकली आणि किल्ल्याचे कामच संपले. लोकरी कापडाच्या व्यापारावर खालचे शहर श्रीमंत झाले, वर दारिद्र्य आले. लीसमध्ये झोपड्या उभ्या राहिल्या, तटाचे दगड बांधकामाला जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारनेच तट पाडू देण्याचे ठरवले. त्याविरुद्ध स्थानिक इतिहासकार क्रो-मेरव्येय आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी आवाज उठवला. निर्णय फिरला आणि १८५३ पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार सुरू झाला. त्याच्या मृत्यूनंतरही (१८७९) काम चालूच राहिले.

वाद आहे तो या जीर्णोद्धाराचा. बुरुजांवरची निमुळती, काळसर पाटीदगडाची छपरे उत्तर फ्रान्सची आहेत, या मुलखाची नव्हेत, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि तो रास्त आहे. काही रोमन बुरुजांवर नंतर पसरट लाल कौले घातली गेली. तरीही व्हियोले-ल-द्यूकशिवाय येथे दगडांचे ढीग उरले असते. १९९७ मध्ये युनेस्कोने सितेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते मध्ययुगीन तटाबरोबर हे जीर्णोद्धाराचे कामही महत्त्वाचे मानून. भेट देणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की दुरून दिसणारी आकाशरेषा बरीचशी एकोणिसाव्या शतकाची आहे.

आतला बालेकिल्ला, म्हणजे शातो काँताल, बाराव्या शतकात त्राँकाव्हेलांनी बांधला. त्याचा खंदक आणि पूल नगराच्याच बाजूला आहेत. पुढे येथे आलेल्या राजाच्या अंमलदारांना बाहेरच्या शत्रूइतकीच आतल्या रयतेची धास्ती होती, हे त्यावरून उमजते. साँ नाझेर चर्चचा मुख्य दालनाचा भाग जाडजूड आणि अंधारा, रोमनेस्क धाटणीचा. पुढचा भाग गॉथिक, जवळजवळ सगळा रंगीत काचेचा. या काचा तेराव्या-चौदाव्या शतकांतील असून दक्षिण फ्रान्समधील उत्तम काचकामात त्यांची गणना होते. मुख्य गल्लीत मात्र लाकडी तलवारी आणि आइस्क्रीम यांची दुकाने लागलेली असतात. ती गल्ली भरभर ओलांडावी. पांढरा घेवडा, बदक आणि डुकराचे मांस यांचा ‘कासूले’ हा येथील खास पदार्थ. शाकाहारी माणसाचे त्यावाचून काही अडत नाही.

१४ जुलैच्या राष्ट्रीय दिनी तटावरून आतषबाजी होते आणि नदीकाठ माणसांनी फुलून जातो. एरवी जुलै-ऑगस्टच्या दुपारी जाणे टाळलेले बरे. सितेत प्रवेश मोफत आहे, तिकीट फक्त शातो आणि त्याला जोडलेल्या तटासाठी. बसने थेट नारबोन दरवाजाशी उतरण्याऐवजी रेल्वे स्थानकापासून खालच्या शहरातून चालत निघावे, चौदाव्या शतकातील जुना पूल ओलांडावा आणि पश्चिमेच्या ओद दरवाजाने वर शिरावे; वाट चढाची आहे, पण तट पुरता दिसतो तो याच बाजूने.