नेहमीपेक्षा जास्त उघडे

मयतीच्या घरी हसू नये, असं आपण मुलांना शिकवतो. पण ज्यांनी अशा घरी रात्र काढली आहे, त्यांना ठाऊक असतं की पहाटेच्या सुमारास गेलेल्या माणसाची एखादी फजिती कुणाला तरी आठवते आणि रडून सुजलेले डोळे पुसत सगळे हसू लागतात. ते हसू फक्त घरच्यांना शोभतं. उंबऱ्याबाहेरच्या माणसानं तोच विनोद केला तर त्याला हाकलून देतील. म्हणजे दुःखातला विनोद हा नात्याचा दाखलाच म्हणायचा. देशांचंही तसंच असतं. ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्या मैत्रीची गोष्ट मला या बाजूनं पाहावीशी वाटते.

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब टाकले. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मेले. सकाळी लोक ढिगाऱ्यांतून वाट काढत कामावर जात. काचा फुटलेल्या दुकानांवर ‘नेहमीप्रमाणे उघडे’ अशा पाट्या लागत. ज्या दुकानाची दर्शनी भिंतच उडाली होती, तिथं पाटी लागली : ‘नेहमीपेक्षा जास्त उघडे’.

१५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री खुद्द बीबीसीच्या इमारतीत बॉम्ब फुटला. नऊच्या बातम्या चालू होत्या. ब्रूस बेलफ्रेज नावाचा निवेदक बातम्या वाचत होता. श्रोत्यांना एक दबका धमाका ऐकू आला. बेलफ्रेज क्षणभर थांबला, कागदावर पडलेली धूळ झटकली आणि पुढची बातमी वाचू लागला. त्या इमारतीत सात सहकारी मेले होते. मायक्रोफोनसमोर बसल्यावर मला नेहमी ती धूळ आठवते.

अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. युरोपचं भांडण युरोपनं निस्तरावं, असं तिथल्या बहुसंख्य लोकांना वाटत होतं. त्यांच्या घरात लंडन पोहोचवलं ते एडवर्ड मरो या अमेरिकन वार्ताहरानं, रेडिओवरून. २४ ऑगस्ट १९४० रोजी ट्रॅफल्गार चौकात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत असताना त्यानं मायक्रोफोन थेट जमिनीजवळ धरला. आसऱ्याकडे निघालेल्या लोकांच्या पावलांचा आवाज समुद्रापलीकडे ऐकू गेला. कुणी धावत नव्हतं. त्या पावलांनी हजार भाषणांचं काम केलं. पुढं मरो लंडनच्या गच्च्यांवर उभा राहून बॉम्बवर्षावाचं वर्णन करू लागला. त्याच्या बोलण्यात रडगाणं नसे. लंडनकरांची ती कोरडी थट्टा त्यानं उचलली होती. उंबरा ओलांडणारा तो पहिल्या काही अमेरिकनांपैकी एक.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. १९४४ च्या वसंतापर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे पंधरा लाख अमेरिकन सैनिक येऊन राहिले. इंग्रज कुटुंबं रेशनची अंडी मोजून खात होती आणि या पोरांच्या खिशात चॉकलेट, सिगारेटी, शिवाय ब्रिटिश शिपायाच्या कित्येक पट पगार! इंग्रज म्हणू लागले, ‘या अमेरिकनांचे दोष तीनच. पगार जास्त, रंगेलपणा जास्त आणि मुक्काम आमच्याकडे.’ अमेरिकनांनी परतफेड केली, ‘तुमचेही तीनच. पगार कमी, रंगेलपणा कमी आणि डोक्यावर आमचा आयझेनहॉवर.’ टोमण्याला टोमण्यानं उत्तर मिळू लागलं, म्हणजे सोयरीक जमली. पुढं खरोखरच सुमारे सत्तर हजार ब्रिटिश मुली अमेरिकन सैनिकांशी लग्न करून सासरी गेल्या.

पण पाहुण्यांच्या घरातच एक भिंत होती. अमेरिकन सैन्यात काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. लँकेशायरमधल्या बँबर ब्रिज या गावी काळ्या सैनिकांची ट्रक तुकडी होती. गावातल्या मद्यगृहांतही रंगभेद पाळावा, असा आग्रह अमेरिकन अधिकाऱ्यांनी धरला. तेव्हा गावकऱ्यांनी पाट्या लावल्या, असं सांगतात : ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’. हुकूम पाळला आणि उलटवलाही! २४ जून १९४३ च्या रात्री गोरे लष्करी पोलीस एका काळ्या सैनिकाला पकडायला तिथं आले. गावकरी त्या सैनिकाच्या बाजूनं उभे राहिले. पण प्रकरण चिघळलं, रात्रभर गोळीबार झाला आणि विल्यम क्रॉसलँड हा काळा सैनिक ठार झाला. खटला भरला गेला तो काळ्या सैनिकांवर. तीसहून अधिक जण दोषी ठरले. शिक्षा नंतर कमी झाल्या, एवढंच. पाटीला गोळी अडवता येत नाही.

आणि हेही सांगितलंच पाहिजे. त्याच १९४३ मध्ये, त्याच ब्रिटिशांच्या राज्यात, बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मेली. लंडनचे राज्यकर्ते धान्य पाठवायला टाळाटाळ करत राहिले. बँबर ब्रिजच्या गावकऱ्यांची माणुसकी खरी होती. पण त्यांच्या सरकारच्या घरात आपण उंबऱ्याबाहेरचेच होतो.

आता शेवटची गोष्ट, जिच्यावर कुणीही विनोद केला नाही. नॉर्मंडीच्या चढाईची तालीम करण्यासाठी डेव्हन परगण्यातला स्लॅप्टनचा किनारा निवडला होता. त्यासाठी सुमारे तीन हजार गावकरी घरंदारं सोडून गेले होते. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे अंधारात अमेरिकन जहाजांचा ताफा किनाऱ्याकडे येत असताना जर्मन टॉर्पेडो बोटींनी गाठलं. दोन जहाजं बुडाली. बऱ्याच पोरांनी जीवरक्षक पट्टे काखेखाली बांधण्याऐवजी कमरेला बांधले होते. ते पाण्यात उलटे झाले. अधिकृत आकडा ७४९ मृतांचा आहे. पाच आठवड्यांनी युटा किनाऱ्यावर खऱ्या चढाईच्या दिवशी पडले, त्यांच्याहून कितीतरी जास्त.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती का? ब्रिटिशांनी जर्मन बोटींची चाहूल घेतली होती. पण हुकूम टंकताना आकड्यांची चूक झाली आणि अमेरिकन जहाजं रेडिओवर वेगळीच फ्रीक्वेन्सी लावून बसली होती. एकच भाषा बोलणारे दोन मित्र, मध्ये काही मैलांचा समुद्र, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाईना. इतका कडवट विनोद माणसानं मुद्दाम रचला नसता. वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायचा हुकूम झाला. चढाईचा बेत फुटू नये, हे कारण खरंच होतं. पण युद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं या मृतांची फारशी आठवण कुणी काढली नाही.

ती काढली एका साध्या इंग्रज माणसानं. केन स्मॉल हा तिथला छोटा हॉटेलवाला. किनाऱ्यावर फिरताना त्याला वाळूत गोळ्या, बटणं, गणवेशाचे तुकडे सापडत. मच्छीमारांनी सांगितलं, समुद्रतळाशी एक रणगाडा पडलाय. त्यानं तो अमेरिकन सरकारकडून विकत घेतला आणि १९८४ मध्ये बाहेर काढला. आज तो काळा रणगाडा टॉरक्रॉस गावी, समुद्राजवळ उभा आहे. लोक त्याच्यावर फुलं ठेवतात. परक्या देशातल्या परक्या पोरांसाठी केन स्मॉलनं खस्ता खाल्ल्या. घरच्या माणसानं खाव्यात, तशा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)