दर्जाची सनद

बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरमच्या परिसरात आज अभियांत्रिकी महाविद्यालये उभी असली, तरी म्हैसूर संस्थानातील त्या विद्येचे मूळ पीठ शहराच्या मध्यभागी, १९१७ साली दिवाण विश्वेश्वरय्यांनी स्थापिलेल्या महाविद्यालयात आहे. आणि हे दिवाण स्वतः पुण्याच्या, १८५४ पासून चालत आलेल्या अभियांत्रिकी परंपरेत घडलेले, ही गोष्ट पुणेकर सहसा विसरू देत नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र व राज्य यांच्या सामाईक खर्चाने जी प्रादेशिक महाविद्यालये निघाली, त्यांपैकी १९६० चे, विश्वेश्वरय्यांचेच नाव धारण करणारे नागपूरचे महाविद्यालय २००२ साली राष्ट्रीय संस्था झाले. त्याआधी वर्षभर रुडकीच्या १८४७ मधील विद्यालयास आय.आय.टी.ची सनद लाभली होती. वयाने रुडकीहून अवघ्या सात वर्षांनी धाकट्या असलेल्या पुण्यास मात्र स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास २०२२ साल उजाडले, तेही राज्याच्या कायद्याने. बंगळूरच्या संस्थेसही २०२१ च्या राज्य अधिनियमानेच आय.आय.टी.च्या धर्तीवर स्वायत्तता मिळाली. ज्येष्ठता व गुणवत्ता यांचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. माझ्या मते निवाडा खजिन्याच्या दफ्तरातच होतो, कारण नागपूरचा भार केंद्राने उचलला, पुणे-बंगळूरचा राज्यांच्या माथी राहिला.