पेठेच्या कौलापासून गुंठेवारीपर्यंत

नगरांत राहावयास घर मिळत नाहीं अशी ओरड ऐकूं आली म्हणजे आपण दोष देतों तो विटा-सिमेंटाच्या महागाईला, बांधणाऱ्याच्या लोभाला किंवा वाढत्या लोकसंख्येला. या तिन्हींचा वांटा आहेच. परंतु आणखी एक कारण असें आहे कीं तें रस्त्यानें जातांना दिसत नाहीं. तें नगररचना कार्यालयांतील नकाशावर रंगांच्या व रेघांच्या रूपानें असतें. या रंगाच्या जमिनींत राहावें, त्या रंगाच्या जमिनींत नांगरच चालवावा, येथें एक मजला, तेथें चार, असें तो नकाशा सांगतो. या रेघा कां ओढल्या गेल्या आणि त्यांमुळें घर बांधणारा माणूस शेवटीं कोठें जाऊन राहिला, हें सातारा व सांगली या दोन नगरांच्या इतिहासावरून पाहावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य शाळेंत गेलें. तेव्हां कायद्याच्या खाचाखोचा मी वकिलांवर सोडतों व इतिहासापुरतें बोलतों.

प्रथम सातारा. १७०८ च्या जानेवारींत शाहूमहाराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर राज्याभिषेक झाला. पुढें राजधानीचा पसारा गडावर मावेना, तेव्हां ती अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं उतरली आणि शाहूनगर वसलें. मंगळवार, शनिवार, सदाशिव, भवानी, मल्हार, चिमणपुरा, व्यंकटपुरा, रामाचा गोट हीं नांवें साताऱ्याचा मनुष्य आजही पत्त्यांत सांगतो. मराठी अमदानींत पेठ वसविण्याची एक ठरीव रीत होती. सरकारांतून कौल निघे. कौल म्हणजे अभयाचा कागद: अमुक जागीं पेठ वसवावी, येणाऱ्या उदम्यास व कारागिरास कांहीं वर्षें पट्टी माफ, त्यानंतर ती हळूहळू चढेल, आणि शेटे-महाजनांनीं माणसें बोलावून आणून वस्ती भरावी. म्हणजे राज्यकर्त्यापुढील प्रश्न ‘येथें घर बांधूं द्यावें कीं नाहीं’ असा नसे. ‘येथें घर बांधावयास कोण येतो’ असा असे. वस्तीला पाणी लागतें, म्हणून यवतेश्वर-महादऱ्याकडील पाणी खापरी नळांनीं उतरवून गांवांतील हौदांत आणलें होतें. त्या हौदांच्या आधारानें आळ्या भरत गेल्या. आधीं जागा व पाणी, मग घरें, असा हा क्रम होता.

या जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाहीं. त्या पेठांत वस्ती जातवार होती, आणि ज्यांना गांवकुसाबाहेर ठेवलें होतें त्यांच्या नांवें कोणी कौल काढला नाहीं. आळ्या अरुंद, गटारें उघडीं, आग लागली तर ओळच्या ओळ जळून जावी अशी लांकडी बांधणी. छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं १८१८ ते १८३९ या कारकीर्दींत रस्ते व पाणीपुरवठा यांकडे लक्ष दिलें तें म्हणूनच. १८४८ सालीं राज्य खालसा झालें आणि १८५३ सालीं साताऱ्यास नगरपालिका आली.

सांगलीची गोष्ट याहून अलीकडची. १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले व त्यांनीं कृष्णाकांठचें हें लहान गांव आपली राजधानी केलें. सहा गल्ल्यांची म्हणून ती सांगली, असें गांवांत सांगतात. व्युत्पत्ति म्हणून मी तिच्यावर फार भार देणार नाहीं. गणेशदुर्ग झाला, गणपतीचें देऊळ झालें, आणि त्याभोंवतीं गांवभाग, खणभाग, पेठभाग असे भाग भरत गेले. हळदीचा व्यापार वाढला तसा वखारभाग झाला. नांवांवरूनच दिसतें कीं येथेंही प्रत्येक वाढीला जागा आधीं नेमून दिली जाई. नदीच्या सान्निध्यानें गांव वसलें, व्यापार वाढला, आणि नदीच्याच सान्निध्याची किंमत त्याला पुढें भरावी लागली. तो भाग पुढें येईल.

मध्यंतरीं प्लेग आला. १८९६ सालीं मुंबईस तो उद्भवला आणि लवकरच दक्षिण महाराष्ट्रांत पसरला. गांवेंच्या गांवें ओस पडून लोक माळावर झोपड्या घालून राहिले. दाट वस्ती म्हणजे रोगराई, हें समीकरण सुशिक्षितांच्या मनांत त्या वेळीं पक्कें झालें, आणि तें चुकीचें होतें असें म्हणतां येणार नाहीं. जगांतही हेंच वारें होतें. जर्मनींतील फ्रँकफुर्टनें १८९१ सालीं नगराचे विभाग पाडून निरनिराळे बांधकाम-नियम केले. न्यूयॉर्कनें १९१६ सालीं केले. आपल्याकडे १९१५ सालीं मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, १९५४ सालीं दुसरा आला, आणि १९६६ सालीं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. आजची विकास योजना, तिच्यांतील रहिवासी विभाग, हरित विभाग, आरक्षणें हीं सारीं त्यांतलीं. त्याच सुमारास चटईक्षेत्र निर्देशांक ही कल्पना रूढ झाली: जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट मजल्यांचें क्षेत्र बांधूं द्यावयाचें, त्याचा आंकडा. हेतु उजेड-वारा मिळावा, रस्ते-गटारांवर ताण पडूं नये, हा. हेतूला नांव ठेवण्यासारखें कांहीं नाहीं.

परंतु कौल आणि परवाना यांत एक अंतर पडलें, तें ध्यानांत घ्यावें. कौल माणसाला बोलावीत असे. परवाना माणसाला थांबवितो. ज्याला थांबविलें तो अदृश्य होत नाहीं. तो कोठें तरी राहतोच.

सांगलींत तो कोठें राहिला, हें पाहूं. येथें मला शाळेंतलें क्षेत्रमापन आठवतें. ‘एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद’ हें मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल! चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हेंच माप पुढें एका सबंध वसाहतीचें नांव होईल असें तेव्हां वाटलें नव्हतें. शेतकऱ्याजवळ नगरालगत एकरभर जमीन आहे. ती कायदेशीर रीतीनें निवासी करावयाची तर आधीं ती नकाशांत रहिवासी विभागांत असली पाहिजे, मग बिनशेती परवाना, मग आराखडा, त्यांत रुंद रस्ते, शेंकडा दहा मोकळी जागा, मग मंजुरी. यांत वर्षें जातात आणि विकावयास उरते ती मूळ जमिनीहून बरीच कमी. उरलेल्या भूखंडाची किंमत गिरणीकामगार, हमाल, शिपाई, रिक्षावाला यांच्या आवांक्याबाहेर जाते. उलट शेतकऱ्यानें दोर धरून गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडले, मध्यें बैलगाडीपुरती वाट ठेवली, आणि मुद्रांक कागदावर लिहून दिलें, कीं महिन्याभरांत कुडाचें घर उभें राहतें. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीचे फार लहान तुकडे होऊं नयेत म्हणून झाला होता. त्यामुळें अशा खरेदीची नोंदणी होईना, तेव्हां व्यवहार नुसत्या कागदावर होत राहिले. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा सांगली-मिरज परिसरासही लागू झाला. मोठे भूखंड सरकारनें घ्यावे व गरिबांना घरें द्यावीं हा त्याचा उद्देश. परिणाम असा झाला कीं जमीन बाजारांतच येईनाशी झाली. महाराष्ट्रांत तो २००७ सालीं रद्द झाला, तोंवर एक पिढी गेली होती.

या सर्वांतून जी वस्ती उभी राहिली तिला गुंठेवारी म्हणतात. ती कोठें उभी राहिली, हा खरा प्रश्न. जमीन स्वस्त कोठें असते? जेथें दुसरा कोणी घेत नाहीं तेथें. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेकडे जमीन उंच आहे. १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन महाविद्यालय त्याच बाजूस आहे. ती जागा शहाण्यांनीं आधींच हेरली. पलीकडे मिरज, कुपवाडचा माळ, हाही उंच. गुंठेवारीचा मोठा भाग मात्र शामरावनगरासारख्या सखल, काळ्या मातीच्या पट्ट्यांत वसला. काळी माती ऊंस-हळदीला उत्तम, परंतु घराला वाईट. पावसाळ्यांत ती पाणी सोडीत नाहीं, उन्हाळ्यांत भेगाळते; आणि गटार काढावयास वाटच ठेवलेली नसते. साधा पाऊस झाला तरी घराभोंवतीं तळें सांचतें.

मग महापूर आले. आयर्विन पूल १९२९ सालचा; त्याच्या खांबावरील फुटांवरून सांगलीचा माणूस कृष्णेची नाडी पाहतो. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ सालीं पाणी तिच्या फार वर गेलें. हरिपुरास जमिनींत खोदलेल्या पेंवांत हळद सांठविण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, तिलाही त्या पुरानें मोठा धक्का दिला. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. २०२१ च्या जुलैंत तें सुमारें ५५ फुटांवर पोहोंचलें. पुरानें गांवभागांतील वाड्यांनाही सोडलें नाहीं, हें खरें. तरी उंच जोत्याचा वाडा आणि गुंठ्यावरचें पत्र्याचें घर यांची हानि एकच नव्हे. वाड्यांतला माणूस माळ्यावर सामान चढवितो. गुंठ्यावरच्या माणसाला माळाच नसतो.

शासनाला हें दिसत नव्हतें असें नाहीं. २००१ सालीं महाराष्ट्रानें गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्या त्यांत आल्या. २०२१ सालीं ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. २०२५ सालीं रहिवासी विभागांतील तुकड्यांचे जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय झाला. ज्यांनीं घामाच्या पैशानें गुंठा घेतला त्यांना हक्काचा कागद मिळाला, याचा मला आनंदच आहे. परंतु त्या कागदानें जमीन फूटभरही उंच होत नाहीं. आणि दर वीस वर्षांनीं मागची चूक माफ करणारें शासन पुढच्या घरासाठीं उंचावर जागा खुली करीत नसेल, तर पुढची गुंठेवारी कोठें होणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

साताऱ्यांत नदीचें भय नाहीं. तेथें डोंगर आहे. एका बाजूस अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूस यवतेश्वर, मध्यें नगर. जुन्या पेठा भरल्या, तरी नगरपालिकेची हद्द होती तेथेंच राहिली. लोक हद्दीबाहेर शाहूपुरी, गोडोली, विलासपूर या बाजूंस गेले. ते नोकरी नगरांत करीत, मुलें नगरांतल्या शाळेंत घालीत, आणि पाण्यासाठीं व गटारासाठीं ग्रामपंचायतीकडे पाहत. वर्षानुवर्षें रेंगाळलेली हद्दवाढ २०२० सालीं झाली; तोंवर घरें बांधून झालीं होतीं, आणि रस्त्यांना जागा शोधण्याचें काम मागाहून आलें. शाहूनगराचा क्रम येथें बरोबर उलटा झाला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक महत्त्वाची सुधारणा झाली. मुंबई व कांहीं थोडे प्रदेश वगळून सबंध राज्यासाठीं एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. पूर्वीं गांवोगांवचे नियम निराळे होते. आतां मूळ चटईक्षेत्र सामान्यतः १.१ ठेवून, त्यावर अधिमूल्य भरून अथवा हस्तांतरणीय विकास हक्क घेऊन आणखी बांधतां येतें. बिनशेतीची अटही २०१४ व २०१७ च्या दुरुस्त्यांनीं बरीच सैल झाली. विकास योजनेंत जमीन निवासी असेल तर निराळ्या परवानगीचा फेरा राहिला नाहीं. परदेशांतही वारें फिरलें आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड नगरानें २०१६ सालीं निवासी जमिनीच्या सुमारें तीन चतुर्थांश भागांत अधिक दाट बांधकामास मोकळीक दिली, आणि पुढील वर्षांत तेथें बांधकामाच्या परवान्यांची संख्या चांगलीच वाढली.

असें असतां आपल्या दोन नगरांत या सुधारणेचा लाभ कोणाला पोहोंचतो? जादा चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर बांधलें आहे. ९ मीटरांहून अरुंद रस्त्यावर तें सामान्यतः मिळत नाहीं, आणि रस्ता जसा रुंद तसें तें वाढतें. आग विझविणारी गाडी आंत गेली पाहिजे, तेव्हां नियमांत तथ्य आहे. पण साताऱ्याच्या पेठांतील किती आळ्या ९ मीटर रुंद आहेत? गुंठेवारींतील बैलगाडीची वाट तर विचारूंच नका. म्हणजे मोकळीक मिळाली ती नव्या रुंद रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडाला. तेथें उभीं राहणारीं घरें हमालाच्या वा शिपायाच्या ऐपतीचीं नसतात.

उलट नदीकांठीं जेथें रेघ कडक हवी, तेथें ती ढिली पडते. पूररेषा दोन: सरासरी २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आंत नवीन घर नको, दोहोंच्या मध्यें बांधावयाचें तर जोतें लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर, असा नियम आहे. तो पाळणारा मनुष्य दंडास पात्र होत नाहीं, एवढेंच. पण न पाळणाराही पुढें केव्हां तरी नियमित होईल अशी आशा बाळगून असतो.

माझ्या मतें सांगलीनें आतां कुपवाड-मिरजेकडील उंच माळावर लहान भूखंडांचे आराखडे स्वतः आंखावे. एक-एक गुंठ्याचेच असोत, परंतु रस्ता व गटार आधीं काढून. आणि निळ्या रेषेच्या आंतल्या कुटुंबाला त्याच्या नियमित झालेल्या गुंठ्याच्या बदल्यांत तेथें गुंठा द्यावा. रिकामी झालेली सखल जमीन कृष्णेसाठीं मोकळी ठेवावी. साताऱ्यानें नव्या हद्दींतील रस्त्यांच्या रेघा घरें उठण्यापूर्वीं जमिनीवर आंखून घ्याव्या, आणि जुन्या पेठांत चार-पांच शेजारी मिळून वाडे पाडून एकत्र बांधीत असतील व रस्त्यासाठीं जागा मागें सोडीत असतील, तर त्यांना रुंद रस्त्याइतकेंच चटईक्षेत्र द्यावें. खर्च येईल. तो आयर्विन पुलाच्या खांबावरील ५७ फुटांच्या खुणेशीं ताडून पाहावा.